जुनी क्यू सापडलीय? दुरुस्ती आणि किंमत याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांची क्यू (बिलियर्ड्स-स्नूकर खेळायची काठी) माळ्यावर सापडलीय, सगळ्यात आधी काय करू?

काहीच करू नका. खरंच सांगतोय, फडक्याने पुसायच्याही आधी फोटो काढा, दिवसाउजेडी खिडकीपाशी, फ्लॅश बंद ठेवून. पूर्ण क्यूचा एक, बॅजचा, म्हणजे बुडाशी लावलेल्या नावाच्या पट्टीचा, जवळून एक, टोकाचा, बुडाचा, आणि जिथे फिकट लाकूड गडद लाकडात घुसतं त्या जागेचे चारही बाजूंनी. मग टेपने लांबी घ्या आणि किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करा. जुन्या विलायती क्यूवर बऱ्याचदा औंसमधलं वजन ठोकलेलं असतं, १६½, १७ असा बारीक आकडा, कधी बुडाशी कधी स्प्लाइसच्या, म्हणजे त्या दोन लाकडांच्या जोडाच्या, वर. १७ औंस म्हणजे साधारण ४८२ ग्रॅम. आकडा आणि काटा यांच्यात बराच फरक आला तर मधल्या काळात कुणीतरी क्यू कापलीय किंवा वजनात काहीतरी केलंय असं समजायचं.

जुन्या क्यूचं खरं नुकसान ती सापडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतं. कुणीतरी उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन बसतं आणि ऐंशी वर्षांत लाकडावर चढलेला रंग तासाभरात उतरवून टाकतं, तो परत येत नाही हो. म्हणून खाली प्रत्येक उत्तरात माझा सूर एकच वाटेल, जेवढं कमी करून काम भागेल तेवढंच करा.

ही बिलियर्ड्सची, स्नूकरची का पूलची, कसं ओळखायचं?

टोक बघा. टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची चकती, ९ ते १० मिलिमीटरची, खाली पितळेची छोटी टोपी म्हणजे फेरूल, आणि बुडाशी एका बाजूने लाकूड सपाट तासून त्यावर बॅज, असं असेल तर इंग्लिश घराण्याची, म्हणजे बिलियर्ड्स किंवा स्नूकरची. जुन्या काळी या दोन्हीसाठी एकच क्यू चालायची त्यामुळे त्यात फार अडकू नका. टिप १३ मिलिमीटरच्या आसपास, फेरूल पांढरी आणि चांगली लांब, मधोमध स्क्रूचा जॉइंट आणि हाताच्या जागी दोरा किंवा लेदर गुंडाळलेलं असेल तर ती अमेरिकन पूल क्यू. आपल्याकडच्या घरांतून निघणाऱ्या जुन्या क्यू बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात, म्हणून हे पान मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. पूलचं उत्तर खाली वेगळं दिलंय.

पण आपल्याकडे इतक्या विलायती क्यू आल्या कुठून?

साहेबांच्या मेसमधून आणि क्लबांमधून. स्नूकर हा खेळ जन्मलाच मुळी भारतात, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा), आणि नंतर ऊटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. बिलियर्ड्स तर त्याच्याही आधीपासून होतं. संस्थानिकांचे वाडे, रेल्वेच्या इन्स्टिट्यूट, मुंबई-पुण्याचे जिमखाने, सगळीकडे टेबलं आली आणि टेबलाबरोबर लंडनच्या बरोज अँड वॉट्स, थर्स्टन, अ‍ॅक्रिंग्टनच्या रायली, लिव्हरपूलच्या पेरॅडन अशा कंपन्यांच्या क्यू आल्या. साहेब गेले, टेबलं राहिली, खेळणारे आपले झाले. १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झालेले विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, १९६४ ला त्यांनी परत जिंकलं. त्यांच्या काळात मुंबई-पुण्यात हा खेळ गंभीरपणे खेळणारे बरेच जण होते, आणि आज माळ्यांवरून निघणाऱ्या क्यूंमध्ये त्या मंडळींच्याही पुष्कळ असतात.

लाकूड कुठलं आहे ते कसं कळेल?

वरचा फिकट भाग, म्हणजे शाफ्ट, बहुतेक अ‍ॅश नाहीतर मेपल. अ‍ॅशला ठळक रेषा असतात आणि नीट तासलेली असेल तर त्या रेषा टोकाकडे बाणासारख्या एकावर एक चढत गेलेल्या दिसतात. मेपल गुळगुळीत, रेषा जवळजवळ नाहीतच. खालचा गडद भाग काळाकुळकुळीत आणि हाताला जड लागला तर एबनी, म्हणजे आबनूस, आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं लाकूड. तपकिरी-जांभळट आणि रेषा असलेला असेल तर शिसवी. पण साधं लाकूड काळं रंगवून एबनीसारखं दाखवलेल्या क्यू पण खूप असतात. बुडाला झिजलेली जागा शोधा, तिथे काळ्याच्या आतून फिकट लाकूड डोकावत असेल तर रंग आहे.

हाताची स्प्लाइस आणि मशीनची स्प्लाइस, फरक काय आणि एवढं महत्त्व का?

किंमतीचा अर्धा निकाल इथेच लागतो म्हणून जरा वेळ काढा. स्प्लाइस म्हणजे गडद लाकूड फिकट लाकडात बसवलंय तो जोड. मशीनच्या जोडात दोन्ही लाकडांना खाचा पाडून ती एकमेकांत घुसवतात, त्यामुळे वर चार अणकुचीदार टोकं दिसतात, चारही एकाच उंचीची, अगदी मापात. हाताच्या जोडात कारागीर शाफ्टच्याच लाकडाच्या एकेक बाजू तासून त्यावर गडद लाकडाची फळी सरसाने चिकटवतो, अशा चार बाजू, मग सगळं मिळून गोल रंधतो. त्यामुळे वरची टोकं टोकदार न राहता कमानीसारखी गोलसर येतात आणि चारही उंची तंतोतंत एक नसतात. कमानीच्या कडेने हिरव्या-लाल-पिवळ्या पातळ लाकडाची रेघ असेल तर ती व्हिनिअर, म्हणजे आणखी मेहनत.

मी स्वतः जुनी क्यू हातात घेतली की बॅजच्या आधी या कमानी बघतो, कारण बॅज कुणीही बदलू शकतं, स्प्लाइस नाही बदलता येत.

बॅजवर वर्ल्ड चॅम्पियनचं नाव आहे! ही त्याची स्वतःची क्यू आहे का?

जवळजवळ नक्कीच नाही. आज बॅटवर क्रिकेटरच्या सहीचा स्टिकर असतो ना, तसंच तेव्हा बॅजवर चॅम्पियनचं नाव असायचं, कंपनी पैसे देऊन नाव घ्यायची आणि त्या क्यू ढिगाने विकायची. जो डेव्हिस, टॉम न्यूमन, सिडनी स्मिथ, अशी नावं खूप दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन हॉलमध्ये ४१३७ चा ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) मारला, तोही जो डेव्हिसविरुद्ध खेळताना, आणि त्या रेकॉर्डचा आकडा मिरवणाऱ्या क्यू नंतर निघाल्याच.

तरी बॅज निरुपयोगी नाही. त्यावरून काळ काढता येतो. बॅज मूळचाच असेल आणि त्यावर ४१३७ असेल तर क्यू १९३२ च्या आधीची असूच शकत नाही. नुसता कंपनीचा पत्ता असेल तर कंपनी त्या पत्त्यावर कधी होती ते शोधा. बॅजची प्लेट नवीकोरी आणि आजूबाजूचं लाकूड घासलेलं दिसलं तर मात्र सावध व्हा.

क्यूला बाक आलाय. टेबलावर लोळवली तर उड्या मारते.

लोळवून बघणं इंग्लिश क्यूला नीट लागू पडत नाही, कारण बुडाशी बॅजचा सपाट भाग असतो, तिथे ती अडखळणारच. बूड डोळ्याजवळ धरा, टोक लांब उजेडाकडे करा आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखं लांबीवरून बघत हळूहळू फिरवा. बारीकसा बाक बहुतेक प्रत्येक जुन्या क्यूला असतो, खेळताना तो जाणवतही नाही, बाकाची बाजू वर-खाली येईल अशी धरली की काम भागतं आणि जुने खेळाडू तसंच करायचे.

वाफ देऊन, गरम पाण्याचं फडकं गुंडाळून, दोन खुर्च्यांमध्ये ठेवून वर वजन टांगून सरळ करायचे उपाय लोक सांगतात. कृपा करून नको. जुनी स्प्लाइस सरसाने जोडलेली असते आणि सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणजे तुम्ही बाक काढायला जाल आणि चार कमानी उघडून बसाल. शिवाय असा सरळ केलेला बाक पुढच्या पावसाळ्यात बऱ्याचदा परत येतो. खूपच वाकली असेल तर भिंतीवर लावा, तिथे ती छान दिसेल.

साफ कशाने करू?

शाफ्टवर खडूचा निळा-हिरवा थर, हाताचा घाम आणि वर्षानुवर्षांची धूळ यांचा चिकट लेप असतो. मऊ सुती फडकं पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळा, इतकं की हाताला जेमतेम गार लागेल, त्याने एक वीत भाग पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा, मग पुढची वीत. पाणी राहिलं तर अ‍ॅशचे तंतू फुगून उभे राहतात आणि खरखर लागते. शेवटी खाकी कागदाची गुंडाळी करून शाफ्टवर जोरात घासा, लाकूड गरम होईपर्यंत. त्याने जी गुळगुळीत झाक येते ती कुठल्याही पॉलिशने येत नाही.

बुडाच्या गडद भागाला स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावू नका, आणि हँड सॅनिटायझर तर मुळीच नको. जुनं पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चढवलेली, ती स्पिरिट लागताच परत विरघळते. कोविडनंतर घरातली प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसायची सवय लागलीय आणि त्यात कितीतरी जुन्या फर्निचरचं पॉलिश गेलं, क्यूचंही तेच होईल.

आमचा सुतार म्हणतो घासून मेलामाइन मारून देतो, नव्यासारखी होईल.

त्यांचं काम चांगलंच असेल पण ते दरवाजांसाठी. मेलामाइन, पीयू, टचवुड याने क्यूवर प्लास्टिकसारखा थर बसतो, घामट हातात शाफ्ट अडकतो आणि जाणकार ग्राहक लांबूनच बघून नाही म्हणतो. बुडाचं पॉलिश अगदीच गेलं असेल तर चपड्याचं हातपॉलिश करणारा जुना कारागीर शोधा आणि त्यालाही सांगा की घासायचं नाही, आहे त्यावरच पातळ हात द्यायचा.

शाफ्टला जवसाचं तेल चालतं. दोन-चार थेंब फडक्यावर, चोळा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, रात्रभर सोडा. एक धोक्याची गोष्ट मात्र नीट वाचा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकली तर तेल सुकताना तयार होणारी उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. वापरून झालं की पाण्यात बुडवा किंवा बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवा.

टिप गेलीय. घरी बसवता येईल का?

येईल, पण पहिल्यांदा एखाद्या जिमखान्यातल्या मार्करकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. बिलियर्ड्स रूममधला मार्कर म्हणजे स्कोअर ठेवणारा, टेबलाला ब्रश-इस्त्री करणारा आणि टिप बसवणारा माणूस, आणि जुन्या मार्करांच्या हातात जी सफाई आहे ती व्हिडिओ बघून येत नाही. पद्धत अशी की जुनी टिप ब्लेडने काढायची, फेरूलचा वरचा भाग अगदी सपाट आणि स्वच्छ करायचा, नवीन टिप किंचित मोठी घ्यायची, एल्क मास्टर किंवा ब्लू डायमंड सारखी, जेल प्रकारच्या गोंदाचा एकच थेंब, आणि घट्ट दाबून रात्रभर सोडायची. सकाळी क्यू उलटी धरून टिप लाकडी पाटावर टेकवून कडेचं जास्तीचं चामडं धारदार ब्लेडने उतरवायचं आणि मग डोक्याला गोलाई द्यायची.

पॉलिश पेपर वापरायचाच असेल तर तो फक्त टिपच्या डोक्यावर. कडा घासताना कागद फेरूलवरून शाफ्टवर घसरतो आणि प्रत्येक टिपमागे टोक थोडं बारीक होत जातं. जुन्या क्यूंची टोकं ८ मिलिमीटरवर आलेली दिसतात ती अशानेच. घासण्याआधी शाफ्टला मास्किंग टेप लावा.

फेरूल हलतेय.

खाली लाकूड आकसलंय. काढून, साफ करून, परत चिकटवली की होतं. पितळ फाटलं असेल तरच बदला, आणि जुनी फेरूल पाकिटात घालून जपून ठेवा.

बॅज हस्तिदंताचा वाटतोय. तापलेली सुई लावून बघू का?

नको, नको! जुन्या बॅजपैकी पुष्कळ सेल्युलॉइडचे असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. यात एक खरी गंमत आहे, अमेरिकेत जॉन हयात याने १८६९-७० च्या सुमारास सेल्युलॉइड बनवलं तेच मुळी हस्तिदंती बिलियर्ड बॉलला पर्याय शोधताना. तर भिंग घ्या. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते, हाडात काळे ठिपके किंवा बारीक चिरा दिसतात, सेल्युलॉइडमध्ये एकतर काहीच दिसत नाही किंवा अगदी सरळ समांतर पट्टे दिसतात.

हस्तिदंत निघालाच तर विकायचा विचार सोडा. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री बंद आहे, अमेरिकेने २०१६ पासून आणि ब्रिटनने २०२२ पासून जवळजवळ पूर्ण बंदी आणलीय. बॅज उपटून क्यू विकावी असं काही लोक सुचवतात, मला ते अजिबात पटत नाही, वस्तू अधू करून विकण्यापेक्षा घरात असू द्या.

लाकडातून पिठासारखा भुसा पडतोय.

भुंगा लागलाय, बारीक छिद्रं दिसतील. अ‍ॅशला लागतो, एबनीला सहसा नाही. क्यू बाकीच्या लाकडी सामानापासून आजच वेगळी करा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा. रॉकेल ओतू नका, डाग कायमचा राहतो.

गाडीत मावत नाही, मधे कापून जॉइंट बसवू का?

अखंड क्यू जर हाताच्या स्प्लाइसची असेल तर कापू नका, संग्राहकाच्या दृष्टीने ती तिथेच संपते. साध्या मशीनच्या क्यूने रोज खेळायचं असेल आणि चांगला लेथवाला हाताशी असेल तर माझी हरकत नाही, वस्तू वापरात राहिली तर बरंच.

आमची क्यू नेहमीपेक्षा आखूड आहे, नियमात बसते का?

नेहमीची क्यू साधारण ५८ इंच असते, पण नियम फक्त ३ फुटांच्या खाली जाऊ नका एवढंच म्हणतो. या नियमामागे किस्सा आहे, १९३८ साली अ‍ॅलेक ब्राउन नावाच्या खेळाडूचा पांढरा बॉल इतर बॉलच्या गर्दीत अडकला तेव्हा त्याने खिशातून फाउंटन पेनएवढी, टिप लावलेली काडी काढली आणि तिने शॉट मारला! फाउल दिला गेला आणि नंतर कमीत कमी लांबी ठरली. तुमची ५४ इंचांची असेल तर बिनधास्त खेळा, फक्त कापलेली आहे का ते बघा. बॅज बुडाच्या अगदी टोकाशी येऊन चिकटलाय किंवा टोक अचानक जाड आहे असं दिसलं तर कापलेली आहे.

बरं, किंमत किती येईल ते सांगा ना.

फोटो न बघता आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ऑनलाइन लोक मागतात ती किंमत आणि विकली जाते ती किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे लिलावाच्या साइटवर विकल्या गेलेल्या वस्तूंचं फिल्टर लावूनच बघा. ढोबळ अंदाज म्हणाल तर साध्या मशीन स्प्लाइसच्या जुन्या बॅजवाल्या क्यू ब्रिटनमध्ये दोन आकडी पौंडांत जातात, हाताच्या स्प्लाइसची, एबनीची, सरळ, पूर्ण लांबीची आणि दुर्मिळ बॅजची असेल तर शेकड्यांत. भारतात ग्राहकच थोडे, त्यामुळे इथे भाव पूर्णपणे समोरच्या माणसावर.

मी बघतो तो क्रम असा: स्प्लाइस, सरळपणा, टोकाची जाडी आणि लांबी शाबूत आहे का, मूळ पॉलिश, आणि मग बॅज. सोबत क्यू ठेवायची जुनी टिनची नळी असेल तर भर पडते. पॉलिश पेपर फिरलेला असेल तर बाकी सगळं असूनही भाव पडतो.

आमच्याकडे सांगतात ही क्यू एका मोठ्या खेळाडूने आजोबांना दिली होती.

असेलही, मुंबई-पुण्यात हे अगदी शक्य आहे. पण बाजारात सांगोवांगी चालत नाही. दोघांचा एकत्र फोटो, पत्र, क्लबच्या कार्यक्रमाची पत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण, यातलं काहीतरी लागतं, आणि फोटोतल्या क्यूची स्प्लाइस हातातल्या क्यूशी जुळली तर सोन्याहून पिवळं. घरात कुणी जाणतं माणूस असेल तर आजच बसून त्यांच्याकडून सगळं विचारून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा.

भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला गॅरेज सेलमध्ये जुनी पूल क्यू मिळालीय, बालाबुष्का लिहिलंय.

जॉर्ज बालाबुष्का हे रशियात जन्मलेले, न्यूयॉर्कला राहिलेले कारागीर, १९५९ पासून १९७५ मध्ये वारेपर्यंत त्यांनी क्यू बनवल्या, आणि खऱ्या क्यूला हजारो डॉलर मिळतात. पण १९८६ च्या एका हॉलिवूड पिक्चरमध्ये बालाबुष्का म्हणून क्यू दाखवली (प्रत्यक्षात ती जॉस कंपनीची होती) आणि नाव घरोघरी पोचलं, पुढे जपानी कारखान्याने रीतसर परवाना घेऊन त्या नावाच्या क्यू काढल्या, नकलाही निघाल्या. त्यामुळे नाव हा पुरावा नाही. तिथल्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवायला सांगा आणि तोवर दोरा सुद्धा बदलू देऊ नका.

आणि त्याला हेही सांगा की ब्रन्सविक कंपनीच्या जुन्या अखंड टायटलिस्ट क्यू, ज्या तिकडे पूल हॉलच्या भिंतीवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या असायच्या, त्यांनाही किंमत आहे, कारण त्यांचा स्प्लाइसचा भाग वापरून कारागीर दोन तुकड्यांची क्यू बनवतात. बालाबुष्कांनी स्वतः सुरुवातीला तेच केलं. कचऱ्याच्या भावात दिसली तर उचल म्हणावं.

परदेशातल्या ग्राहकाला पाठवता येईल का?

क्यू शंभर वर्षांहून जुनी ठरू शकत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू तशीच बाहेर पाठवता येत नाही. बूड शिसवीचं असेल तर त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियम आहेत, कुरियर बुक करायच्या आधी चौकशी करा.

पावसाळ्यात कशी ठेवायची?

भिंतीला तिरकी टेकवून नाही, बाक येण्याचं ते सगळ्यात मोठं कारण. एकतर आडवी, पूर्ण लांबीला आधार देऊन, नाहीतर सरळ उभी स्टँडमध्ये. बाहेरची भिंत, बाथरूमशेजारची भिंत आणि एसीचा झोत टाळा. कोकणात, मुंबईत राहत असाल तर बंद नळीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मधूनमधून क्यू बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा. कडक उन्हात वाळवायला मात्र ठेवू नका.

हिने खेळावं का नुसती जपून ठेवावी?

खेळा! टिप नीट असेल, स्प्लाइस हलत नसेल तर जुनी अ‍ॅश खेळायला फार सुंदर असते, बॉलला लागल्याचं हातापर्यंत कळतं. फक्त जोराचे ब्रेक शॉट (डाव उघडताना बॉल फोडणारे) क्लबच्या क्यूने मारा, आणि लोकांना ट्राय करायला देताना शेजारीच उभे राहा.

टिनची काळी नळी पार गंजलीय, टाकून देऊ ना?

नका टाकू. आतून कोरड्या फडक्याने गंज झाडा, बाहेरून मेणाचा पातळ हात द्या, परत रंगवू नका. पुष्कळ नळ्यांवर मालकाचं नाव किंवा आद्याक्षरं पांढऱ्या रंगात हाताने काढलेली असतात, आणि क्यू कुणाची होती याचा लेखी पुरावा बऱ्याचदा तेवढाच उरलेला असतो. क्यू त्या नळीत परत ठेवायची असेल तर आधी आत सुती कापडाची पिशवी शिवून घाला, गंजाचे डाग अ‍ॅशवरून निघत नाहीत.